रिळं, चोपड्या आणि चौकस रसिक

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन खेळवाले सुरतेला गेले, तेव्हा तिथलं गिऱ्हाईक हटून बसलं. नाटक सहा-सहा तास चालायचं, तेवढ्याच पैशांत हा तासा-दीड तासाचा खेळ कशाला पाहायचा? त्यावर तोड म्हणून जाहिरात केली गेली, की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा हा खेळ अवघ्या तीन आण्यांत पाहायला मिळेल. ही गोष्ट भारतीय सिनेमाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते आणि वाचणारा हसून पान उलटतो. जुन्या सिनेमाचा खरा शौकीन मात्र पान उलटत नाही. तो कागद-पेन्सिल घेतो.

३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट नोंदलेली आहे, म्हणजे चित्रं झाली ५९,२००. सत्तावन्न हजारांचा आकडा त्याच्या जवळपास जातो, तेव्हा छायाचित्रांच्या बाबतीत जाहिरात बरीचशी खरी बोलत होती. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. इथे जाहिरातवाल्याने जवळजवळ तिप्पट ताणलं आहे! आणखी एक गोष्ट याच हिशेबातून निघते. त्या काळी कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही हाताने फिरवले जात. सेकंदाला १६ चित्रं या बेताने दांडा फिरवला, तर ३७०० फूट संपायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. हीच रिळं आजच्या २४ चित्रांच्या वेगाने चालवली, तर सिनेमा ४१ मिनिटांत आटोपतो आणि तारामती तरातरा धावू लागते. मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात, हा समज त्यांच्या चालीतून आलेला नाही, आपल्या यंत्रातून आलेला आहे.

जुना सिनेमा आवडणं आणि जुन्या सिनेमाचा नाद लागणं यांत फरक आहे तो एवढाच. पहिल्यात आठवणींचा गहिवर पुरतो. दुसऱ्यात गहिवराला चौकसपणाची जोड लागते. पुढची पानं या दुसऱ्या जातीच्या रसिकासाठी आहेत. फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात, हंस, राजकमल या नावांभोवती फिरणारा, साधारण १९१२ ते १९६० या काळातला मराठी मातीतला सिनेमा हा त्यांचा विषय. ही प्रस्तावना तो विषय उलगडण्यापूर्वी एक गोष्ट नीट मांडू पाहते: हा इतिहास जितका पडद्यावर आहे तितकाच पडद्याबाहेर आहे, आणि बाहेरचा बराचसा भाग हौशी माणसांनी राखला आहे.

पडद्यावर किती उरलं आहे, हे आधी पाहू. भारतात मूकपट तेराशेच्या आसपास निघाले. त्यांतले पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अवस्थेत हाती असलेले मोजायला दोन्ही हातांची बोटंसुद्धा भारी पडतील, बाकी आहेत ते तुकडे. कारणं साधी आणि व्यवहाराची होती. त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती झटकन पेट घेते, दमट हवेत चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. मुंबई-कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती टिकवायची तर थंड कोठार हवं, आणि ज्या खेळाचा धंदा संपला त्यासाठी कोठार कोण बांधणार? त्यात फिल्मवरच्या थरात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. बोलपटांचंही नशीब फार वेगळं नव्हतं. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट, आणि त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात २००३ साली नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, त्यात ‘आलम आरा’ जळाला असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. वास्तविक तो त्या कोठारात कधी आलाच नव्हता, तो त्याच्या कितीतरी आधी नाहीसा झाला होता.

हे ठामपणे सांगणारे गृहस्थ म्हणजे पी. के. नायर. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली, नायर पुढच्याच वर्षी तिथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी रिळांमागे देश पालथा घातला. त्यांची मूळ ओळख अधिकाऱ्याची नव्हती. केरळातल्या लहानपणी वजनाच्या यंत्रातून पडणारी नटनट्यांची तिकिटं जमवणारा हा मुलगा होता. फाळक्यांची रिळं त्यांनी नाशिकला फाळक्यांच्या मुलांकडून मिळवली. ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो आणि त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन डोहात उडी घेताना दिसते, यामागे ही पायपीट आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट काढला तो याच माणसावर.

रिळं गेली तरी कागद उरतो. सिनेमागृहाच्या दारात मिळणारी गाण्यांची चोपडी हा या शौकाचा पहिला दस्तऐवज. मुखपृष्ठावर नटीचं चित्र, आत कथेचा सारांश, गाणी आणि श्रेयनामावली असायची. सारांश ‘पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा’ या थाटाच्या वाक्याशी हटकून थांबायचा. त्या काळी ती बाकावर विसरून जाण्याइतकी स्वस्त वस्तू होती. आज एखाद्या हरवलेल्या बोलपटात कोण होतं, संगीत कुणाचं होतं, गाणी किती होती, हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार ठरतो. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी नोकरी सांभाळून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला, तो दशकवार खंडांत, १९३१ पासूनच्या गाण्यांचा हिशेब मांडत. विद्यापीठाचं पद नाही, अनुदानाचा थाट नाही. मुंबईत १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नेही तबकड्यांच्या बाबतीत हेच केलं. ध्वनिमुद्रिका जमवणारी माणसं एकत्र आली, एकमेकांच्या तबकड्या ऐकू लागली आणि त्यांच्यावर लिहू लागली.

तबकडी वाचायचीही असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावर पाच मिनिटं चालणारं गाणं तबकडीवर येताना एखादं कडवं गाळून यायचं, क्वचित वेगळ्याच साथीने पुन्हा गायलं जायचं. त्यामुळे पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं ही दोन निराळी माणसं म्हणून भेटतात. लेबलाची गंमत तर न्यारीच. १९४९ च्या ‘महल’मधलं लता मंगेशकरांचं गाणं देशभर वाजू लागलं, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव! पार्श्वगायिकेला नाव असतं, हे मान्य व्हायला अजून अवकाश होता. वादकांच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. हिंदी सिनेसंगीताच्या वाद्यमेळाचा मोठा भार गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी वाहिला. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली थोडी नावं. श्रेयनामावलीत त्यांचा पत्ता क्वचितच लागतो. अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरात गेलं ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. त्या गाण्याच्या संगीतकार-जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना ही व्यक्ती खरीखुरी आहे याची कल्पनाच नव्हती.

या नादाला शाळा नव्हती, पण शिकवणी होती. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं असायचं, हे कितीएक मराठी घरांत घड्याळासारखं पाळलं गेलं. मोठ्या शहरांत मॅटिनीला स्वस्त दरात जुने खेळ लागत. मुंबई दूरदर्शन ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झालं आणि शनिवारच्या मराठी चित्रपटासाठी शेजारपाजारचे लोक एका घरात दाटीवाटीने बसू लागले. ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या फिल्म सोसायट्यांनी १९६८ पासून पाहण्याला चर्चेची सवय लावली. खेड्यापाड्यांत जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे फिरते टॉकीजवाले होते. त्यांच्यातल्या शेवटच्या काहींचं चित्रण ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात आहे.

इतकी तयारी झाली, की मग सिनेमा पाहायचा. इथे रसिकाला एक गोष्ट शिकावी लागते: जे दिसतं आहे ते कोणत्या अडचणीतून मार्ग काढून आलं आहे, हे ओळखणं. ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा हा नाजूक बांध्याचा तरुण फाळक्यांनी हेरला, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. दरम्यान ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. शंभर वर्षांचा अभिनय एका घरात सापडतो, तो असा.

असे धागे जुळवणं हा या शौकातला सर्वांत चविष्ट भाग. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ च्या डिसेंबरमध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून मुंबईला परतले तो सोहळा कॅमेऱ्यात टिपला. भारतीय माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते. रँग्लरांची मुलगी शकुंतला परांजपे १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त दिसली. तिची मुलगी सई परांजपे हिने पुढे ‘स्पर्श’ आणि ‘चष्मेबद्दूर’ काढले. आजोबा कॅमेऱ्यासमोर, मुलगी पडद्यावर, नात कॅमेऱ्यामागे!

बाबूराव पेंटरांकडे आलं, की अडचण वेगळी होते. कोल्हापूरच्या या चित्रकाराने विलायती कॅमेरा मिळेना तेव्हा स्वतः कॅमेरा तयार केला. १९२० च्या ‘सैरंध्री’ने नाव केलं आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला मूकपट. जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी रंगवला. देव आणि राक्षसांच्या गर्दीत हा माणूस वेगळाच उठून दिसला. तो मूकपट आता पाहायला मिळत नाही. त्याबद्दल जे कळतं ते पाहणाऱ्यांच्या लेखनातून. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत अंधूक उजेडातली एक उदास झोपडी होती आणि त्या दृश्याला धार आणणारं कुत्र्याचं रडणं होतं. मूकपटातलं रडणं! पडद्यावर तोंड वर केलेलं कुत्रं दिसलं असेल आणि आवाज पाहणाऱ्याच्या मनाने भरून काढला असेल. आठवणीचा पुरावा कसा तपासायचा आणि तरीही तो का टाकून द्यायचा नाही, हे या एका उदाहरणातून कळतं.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच प्रभात निघाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात कंपनी काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा, आणि मराठीचाही, पहिला बोलपट. फाळक्यांचाच हरिश्चंद्र आता बोलू लागला, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या तोंडून. पार्श्वगायनाची सोय अजून आली नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचं आणि साथीदारांनी चौकटीबाहेर, ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात कुठेतरी दडून वाजवायचं. त्या काळातल्या गाण्यांत नट जागचा हलत का नाही, मान वळवताना आवाज मध्येच दबल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर इथे मिळतं. ते कळलं, की तो दोष खुपत नाही, उलट कान टवकारले जातात.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली आणि पुढच्या आठ वर्षांत तिने जे केलं त्यावर तिचं नाव आजही उभं आहे. या काळाकडे पाहताना रसिकाने दोन सिनेमे सावकाश पाहावेत.

पहिला ‘संत तुकाराम’, १९३६. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पैकी दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. त्यांच्या हालचालीतला मऊपणा तिथून आला असावा, असं पाहताना वाटत राहतं. चमत्कार पुष्कळ आहेत आणि त्या काळाच्या मानाने सफाईदार आहेत. मात्र सिनेमा उचलून धरते ती गौरीने उभी केलेली आवली. घरात दाणा नाही, नवरा अभंगात गुंग, पोर आजारी, अशा वेळी ती पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात निघते. भक्तिपटाच्या मधोमध एवढा रोकडा संसार क्वचित सापडेल. मुंबईच्या सेंट्रलमध्ये हा सिनेमा वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. चौकस रसिकासाठी त्यात आणखी एक गंमत आहे. त्यातलं एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलेलं. ते इतकं एकजीव झालं, की लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजू लागले आणि जाणकारांनाही तो गाथेत शोधावासा वाटला.

दुसरा ‘कुंकू’, १९३७. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे हिने ही नीरा रडत नाही, भांडत उभी केली आहे. केशवराव दाते यांचे काकासाहेब खलपुरुष नाहीत. स्वतःचं वय आरशात पाहून खचणारा तो माणूस आहे. शांतारामांनी इथे पार्श्वसंगीत जवळपास वर्ज्य केलं. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, दाराची कडी, ग्रामोफोन, जे दृश्यात आहे तेच ऐकू येतं. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, सगळे पडदाभर गाणी ओतत होते, अशा वेळी एका दिग्दर्शकाला शांततेची किंमत कळली होती. हिंदीत हाच सिनेमा ‘दुनिया न माने’ झाला. प्रभात दोन्ही भाषांत एकाच वेळी चित्रण करत असे, म्हणून ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ अशा जोड्या तयार झाल्या. ज्याला वेळ आहे त्याने जोडीने पाहाव्यात. तोच सेट, तोच कॅमेरा, पण ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत आणि ‘पडोसी’त मझहर खान. शब्द बदलले की बसणं-उठणंही बदलतं, हे अशा ठिकाणी डोळ्यांना दिसतं.

नट्यांची आत्मचरित्रं हा मराठी रसिकाच्या हाती असलेला मोठा ठेवा आहे. पडद्यावरची नीरा ही पडद्याबाहेरही गप्प बसणारी नव्हती. प्रभातशी करारावरून बिनसलं तेव्हा शांता आपटे हिने स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केलं, आणि ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना रोखठोक सल्ला दिला. दुर्गा खोटे यांनी ‘मी दुर्गा खोटे’ लिहिलं. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ आलं आणि त्यातल्या निर्भीड कथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. पुस्तकाचं नाव वाडकरांच्याच सिनेमावरून घेतलेलं. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता. बोर्डावर अडीच वर्षं टिकलेला तमाशापट आणि त्यातल्या नटीच्या आयुष्याची खरी हकीकत या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, की स्टुडिओने छापलेल्या चकचकीत पुस्तिकांच्या पलीकडचं जग दिसतं. कराराचे पैसे, कामाचे तास, घरातल्यांची सत्ता, हे कोणत्याही पोस्टरवर नसतं.

कोल्हापूरकडे पुन्हा वळायला हवं, कारण प्रभात गेली तरी तिथला सिनेमा गेला नाही. मास्टर विनायक यांनी ‘हंस’च्या झेंड्याखाली वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे यांच्याकडून लिहून घेतलं. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त अत्र्यांनी ब्रह्मचर्याच्या भाषणबाजीची यथेच्छ टर उडवली, आणि पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षीला पाहून सनातनी मंडळींनी नाकं मुरडली व तिकिटंही काढली. भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’ असे ऐतिहासिक पट काढले. १९४८ च्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ते पुन्हा उभे राहिले. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’त तर वर्तुळच पुरं झालं. आपल्या राजकमल संस्थेच्या या चित्राचं दिग्दर्शन शांतारामांनी आपल्या गुरूकडे, बाबूराव पेंटरांकडे दिलं आणि शेवटी स्वतः हात लावून ते पुरं केलं. त्यानंतर ग. दि. माडगूळकर, राजा परांजपे आणि सुधीर फडके या त्रिकुटाचा काळ सुरू होतो. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं तेही याच काळात.

एवढं वाचून रसिकाने लगेच शेंडी तुटो वा पारंबी तुटो म्हणून ‘पहिला कोण’ या वादात उडी घेऊ नये, असं सुचवावंसं वाटतं. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो ३ मे १९१३ रोजी. मग पहिला मान फाळक्यांना का? एका बाजूचं म्हणणं असं, की ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा परदेशी माणसाच्या हातात होता आणि फिल्म धुवून आली लंडनहून. दुसरी बाजू म्हणते, कथेचा पट कथेचाच, मग तो कुणी का धुवेना. दोन्ही बाजूंकडे तारखा आहेत. भांडण आहे ते चित्रपट कशाला म्हणायचं यावर. तसंच ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जी दृश्यं दाखवली जातात ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्याने केलेल्या चित्रातली आहेत, असं काही अभ्यासक मानतात. आपण पाहतो आहोत ती प्रत कुठली, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा असतो.

तो प्रश्न आजच्या पडद्यावर तर जास्तच लागू पडतो. मोबाइलवर सहज मिळणाऱ्या जुन्या सिनेमांच्या प्रती बऱ्याचदा दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या असतात. कुठे दोन गाणी गाळलेली, कुठे जवळपास चौरस चित्र ताणून रुंद पडद्याएवढं केलेलं, कुठे श्रेयनामावलीच उडवलेली. चित्र ताणलं गेलं आहे का हे चेहऱ्यांवरून कळतं: सगळेच गुबगुबीत दिसू लागले, की समजावं. लांबी चोपडीतल्या किंवा सूचीतल्या नोंदीशी ताडून पाहावी. नव्याने चढवलेले रंग मात्र टाळावेत. प्रभातने स्वतः १९३३ च्या ‘सैरंध्री’ला रंग देण्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली होती आणि निकाल पाहून कृष्णधवलच्या वाटेला परत आली. तिचे पुढचे सिनेमे छाया-प्रकाशाच्या हिशेबाने रचलेले आहेत.

ज्यांना पुण्याला जाणं जमेल, त्यांनी प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून उभी असलेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि तिच्या जवळचं लॉ कॉलेज रस्त्यावरचं संग्रहालय ही दोन ठिकाणं बघावीत. शांतारामांनी वापरलेला स्टुडिओ क्रमांक एक आजही विद्यार्थ्यांच्या चित्रणासाठी वापरात आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाचा आहे, पण वाचनाचा क्रम तसाच असायला हवा असं नाही. नवख्याने ‘ब्रह्मचारी’ किंवा ‘पेडगावचे शहाणे’ पाहून आरंभ करावा, कारण हसू लवकर जुनं होत नाही. मग ‘कुंकू’, मग ‘संत तुकाराम’, आणि डोळे सरावल्यावर ‘कालिया मर्दन’. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या त्या चित्राची लांबी, चित्रगृह, प्रदर्शनाची तारीख आणि उपलब्ध प्रतीची अवस्था दिली आहे. जिथे नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत तिथे दोन्ही छापल्या आहेत. काही चित्रांच्या नावापुढे केवळ जाहिरात किंवा चोपडी एवढाच पुरावा आहे. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ बरीच वर्षं असाच केवळ नावाने उरला होता, त्याचे काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेकमधून २०१६ मध्ये पुण्याला आले. मराठी घरांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या चित्रगृहांच्या कोठ्यांत आणि फिरत्या टॉकीजवाल्यांच्या पेट्यांत अजून काय आहे याची मोजदाद कुणी केलेली नाही. ज्या वाचकाच्या हाती असा डबा, चोपडी किंवा तबकडी लागेल, त्याने ती पुसूनपासून स्वच्छ करण्याच्या फंदात न पडता आधी तिचा फोटो काढावा, कुठे आणि कुणाकडे मिळाली ते लिहून ठेवावं, आणि डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो इतर डब्यांपासून लगेच वेगळा ठेवून संग्रहालयाला कळवावं.